शिस्तीचा स्केटबोर्ड

बाळांनो, मांडी घालून बसा. प्रश्न गोष्ट संपल्यावर विचारायचे. तेव्हा वेळ उरणार नाही, ते मी बघते.

एका जंगलात, जिथे वाघसुद्धा वरून परवानगी आल्यावरच डरकाळी फोडायचा, ठिणगी नावाची मुंगुसाची पोर राहत होती. सहलीला आलेली माणसं तळ्याकाठी बाटल्या, पिशव्या आणि एक स्केटबोर्ड टाकून गेली. बाटल्या-पिशव्या अजून तिथेच आहेत. स्केटबोर्ड ठिणगीने उचलला.

ती टेकडीच्या उतारावरून सुसाट यायची, आपटायची आणि विचार करत बसायची.

शाळेत घनश्याम गुरुजी होते. अस्वल होते, पण शिकलेले. त्या शाळेची एक जुनी पद्धत होती. गुरुजींनी ‘मला माहीत नाही’ असं कधी म्हणायचं नाही.

“गुरुजी, मी पाय मारायचं थांबवते, तरी बोर्ड पुढे का जातो?”

“संस्कार,” गुरुजी म्हणाले.

“मग चाकाखाली खडा आला की बोर्ड थांबतो, आणि मी पुढे उडते. ते का?” तिने सोललेलं नाक दाखवलं.

गुरुजींनी पोट खाजवलं. अख्खा वर्ग बघत होता.

“बोर्डाला शिस्त आहे. थांबायचं म्हटलं की तो थांबतो. तुला नाही.”

दुसऱ्या दिवशी ठिणगीने एक कवठ आणलं. ते बोर्डवर ठेवलं आणि बोर्ड खड्याकडे ढकलला. बोर्ड थांबला. कवठ गडगडत गुरुजींच्या पायाशी.

“गुरुजी, कवठालाही शिस्त नाही?”

मागच्या बाकावरची माकडं खिदळली.

“बोर्ड जप्त,” गुरुजी म्हणाले. “सगळ्यांसमोर ‘चूक माझीच’ म्हण, मग घेऊन जा.”

“आणि कवठाची चूक?”

बोर्ड कपाटात गेला. रोज मधल्या सुट्टीत ठिणगी काचेला नाक लावून उभी राहायची. दोन शब्द बोलली की बोर्ड तिचा होता. पण बोलायला गेलं की कवठ आठवायचं.

मग संमेलन आलं. दरवर्षी गवे गुरुजींची खुर्ची खांद्यावरून मिरवायचे. यंदा मुख्याध्यापक सांबरसरांना सुचलं, शाळेत इतका शिस्तीचा बोर्ड असताना गव्यांना कशाला त्रास? बोर्डवर खुर्ची आवळून बांधली. गुरुजी फेटा घालून वर बसले. खाली उतार, उताराच्या टोकाला रानडुकरांचा चिखल.

वाटेतला खडा ठिणगीला दिसला. तिला गप्प बसता आलं असतं.

“गुरुजी, खडा आहे. खुर्ची बांधलीय, तुम्ही मोकळेच आहात. स्वतःला बांधून घ्या.”

“बांधून घ्यायला मी काय कवठ आहे?” गव्यांनी बोर्ड उतारावर सोडला. खडा आला.

बोर्ड थांबला. खुर्ची थांबली. गुरुजी थेट चिखलात. फेटा त्यांच्याही पुढे.

सगळं जंगल सांबरसरांकडे बघायला लागलं. सांबरसरांनी घसा खाकरला. “गुरुजींनी या वयातही सुंदर उडी मारून दाखवली. टाळ्या.”

टाळ्या झाल्या. डुकरांनीही वाजवल्या.

ठिणगी चिखलात उतरली. गुरुजींना हात देत हळूच म्हणाली, “आता तरी सांगा ना. असं का होतं?”

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं. एरवी कधी पाहिलं नव्हतं तसं. ओठ हलले. ‘मला’ एवढं बाहेर आलंही. ठिणगीला पुढचे दोन शब्दही चालले असते. मग दोघांनी मिळून शोधलं असतं.

पण टाळ्या अजून चालू होत्या.

“मला उडीच मारायची होती,” गुरुजी म्हणाले.

बोर्ड आता कायमचा कपाटात आहे, हार घालून. पहिलीच्या पुस्तकात त्याच्यावर धडा आहे. धड्याखाली प्रश्न नाहीत. ठिणगीचं नाव शाळेतून काढलं. ती टेकडीवर असते, कवठं आणि ओंडक्याच्या चकत्या घेऊन काहीतरी जोडत. मधल्या सुट्टीत अर्धा वर्ग तिकडेच पळतो. तुम्ही जाऊ नका.

तात्पर्य: मुलांनो, खूप शिका, मोठे व्हा आणि मोठे झालात की आधी टाळ्या वाजवणारे नेमा. मग तोंडावर आपटलात तरी का आपटलो, ते शोधत बसावं लागत नाही.