तुळपुळ्यांची सासुरवाडी आयर्लंडात

ही हकिगत सांगायची मी बरीच वर्षं टाळली. मुलाने विचारलं तेव्हा टाळली, सुनेने विचारलं तेव्हा तर खोकल्याची ढास आणून टाळली. आता लिहून ठेवतो.

एक माणूस एका अख्ख्या देशावर रुसून बसू शकतो, हे मला तुळपुळ्यांनी दाखवलं. देश होता आयर्लंड.

"महिना झाला, भागवत! जावयाच्या पत्राला उत्तर नाही. ही काय पद्धत झाली?"

मी चहा सांडला. आम्ही सिंगापुरात क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडपात, बसलो होतो आणि समोरचा गोरापान गृहस्थ, म्हणजे तुळपुळे, पुण्याच्या सदाशिव पेठेतला होता.

तुळपुळे तीस वर्षं सिंगापूरच्या जहाजगोदीत इंजिनियर होते. त्यांच्या पत्नी नीराबाई मी इथे मुलाकडे राहायला येण्याआधीच वारल्या होत्या. नीराबाईंचे पणजोबा खडकीच्या छावणीतले आयरिश शिपाई, टिमथी डोनोव्हन. त्या लहानपणीच पोरक्या झाल्या, बोर्डिंगात वाढल्या. जवळ फक्त पणजोबांचा लष्करातला एक कागद, त्यावर गावाचं नाव. तेवढ्यावर तुळपुळे सासुरवाडी शोधत होते.

रोज दुपारी चारला ते लॅपटॉप घेऊन हजर. जमिनीच्या जुन्या नोंदींत त्या गावात एक डॅनियल डोनोव्हन कूळ म्हणून सापडला होता. "आमचे खापरपणजेसासरे! तीन एकर, तेही खडकाळ. आपल्याला हुंडा नकोच होता म्हणा." आता टिमथी याच डॅनियलचा का, आणि हे घर कुठल्या चर्चचं, एवढं कळायचं होतं. मग तिथल्या फादरना लिहून आजची मंडळी गाठता आली असती. त्यासाठी ते चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या वाचत. पुसट शाई, लॅटिन नावं, पडद्याला नाक टेकलेलं.

कॉफीवाली चिनी आंटी लांबूनच ओरडायची, "अंकल! टुडे हाउ मेनी बेबी?"

"फोर गर्ल, टू बॉय!" तुळपुळे उत्तर द्यायचे आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या पोरांच्या नावाने मला एक केळ्याचं भजं खायला लावायचे. फक्त एकाच घरात तेच नाव दोनदा आलं, की चष्मा काढून ठेवायचे. "पहिला मायकेल गेला असणार," म्हणायचे. त्या दिवशी भजी नाहीत.

अधिक महिना आला तेव्हा ते फारच चिडले. "तेहतीस अनारसे राहू देत. एक पोस्टकार्ड?" ज्या फादरना त्यांनी अंदाजाने आधीच लिहिलं होतं, त्यांचं शेवटी उत्तर आलं, की असं घर आमच्याकडे नाही. जावई दोन दिवस जेवला नाही.

आता माझं.

मी चौतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात काढली. गावाची महसुली हद्द वेगळी आणि देवळाची वेगळी, हे मला झोपेतही कळतं. तुळपुळे जमिनीच्या कागदावर जे परगण्याचं नाव होतं, त्याच नावाच्या चर्चच्या वह्या तपासत होते. मी एकदा घरी नकाशा उघडला. गाव ओढ्याच्या अलीकडे, जवळचं चर्च पलीकडे, निराळ्या नावाचं. त्याची वही काढली. अर्ध्या तासात सापडलं: टिमथी, बाप डॅनियल डोनोव्हन, गाव तेच.

मी टाळी वाजवली. आणि लगेच मनात आलं, उद्यापासून चार वाजता मी काय करणार? मुलगा चांगी बिझनेस पार्कमध्ये नोकरीला, सून वन-नॉर्थच्या ऑफिसात. घरात दिवसभर मी आणि वॉशिंग मशीन.

मी लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी तुळपुळ्यांना म्हणालो, "तुमची दिशा बरोबर आहे. नेटाने पुढची वही घ्या."

असं मी दोन वर्षं म्हणालो. आजही स्वतःचंच हे वाक्य आठवलं, की मी हादरतो.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ गेलं. पुण्याहून पुतणी न्यायला आली. विमानतळावर मी सगळं कबूल करायला गेलो होतो. त्यांनी डाव्या हाताने शोधाच्या कागदांची फाइल माझ्याकडे सरकवली. मी म्हणालो, "पाणी देऊ?"

घरी येऊन फाइल उघडली. तळाशी एक पाकीट, पत्त्याची जागा कोरी. आत इंग्रजी पत्र आणि त्याचा मराठी कच्चा खर्डा.

"नीराच्या माहेरच्या मंडळींस सा. न. आपली मुलगी नीरा आजारपणात गेली. शेवटी ती मला विचारत होती, 'माझ्याकडच्या कुणाला कळवशील रे?' मला नाव सांगता आलं नाही. माहेरी कळवायला उशीर झाला, क्षमा असावी. आपला जावई, वामन."

मी त्या शोधाला जावयाचा मानपान समजत होतो. तो माणूस बायको गेल्याचं तिच्या माहेरी कळवायला निघाला होता, आणि पत्ता माझ्याकडे होता.

पाकिटावर ओढ्यापलीकडच्या चर्चचा पत्ता लिहिला, पोस्टात टाकलं. तीन आठवड्यांत तिथल्या फादरचं उत्तर आलं. रविवारी नीराचं नाव घेऊन प्रार्थना झाली होती. डोनोव्हनांच्या घरातल्या एक आजीबाई विचारत होत्या, जावई कधी येणार?

पुण्याला फोन लावला. पुतणीने तो त्यांच्या कानाशी धरला. मी उत्तर वाचून दाखवलं. आता सांगायचंच म्हणून मी तोंड उघडलं, "तुळपुळे, हे मला..."

"शा...ब्बास," ते म्हणाले. एकेक अक्षर ओढत. "शोधलंत."

पुतणी म्हणाली, "भागवतकाका, हसतायत ते! कधी सापडलं हो तुम्हाला?"

"आत्ताच," मी म्हणालो.

"दमले ते. उद्या बोला ना."

दुसऱ्या दिवशी फोन तिचाच आला, सकाळी सात वाजता. माझं वाक्य मी रात्री कागदावर लिहून ठेवलं होतं, चष्म्याच्या डबीखाली. "तुळपुळे, मला दोन वर्षांपासून माहीत होतं, माफ करा." ती रडत होती. मी कागदाची घडी घातली आणि म्हणालो, "बोल, बेटा."