फुकटची विचारपूस

सुंदररावांचा दिवस इंजिनाच्या विचारपुशीनं सुरू होई. गेवराईच्या शिवेवर त्यांचं जिनिंग होतं. कापसातून सरकी वेगळी काढणारे रेचे तिथं ओळीनं मांडलेले होते आणि ते सगळे फिरवायला एकच वाफेचं इंजिन होतं. आंघोळ उरकली, कपाळाला गंध लागलं, की सुंदरराव थेट इंजिनघरात जात, त्याच्या लोखंडी पाठीवर हात ठेवत आणि इंजिनवाल्या खाजामियाँला विचारत, "काय खाजामियाँ, कसं हाय इंजिन?"

"बेस हाय मालक."

"काल सांजच्याला जरा धापा टाकत होतं, न्हाई?"

"तेल पाजलंय. आता खुशीत हाय."

एवढं ऐकलं की सुंदरराव समाधानानं परत फिरत. भट्टीपुढं उभं राहून राहून खुद्द खाजामियाँ वाळल्या सुपारीएवढा उरला होता, पण ते त्यांच्या नजरेत भरलेलं नव्हतं. इंजिन जालन्याहून गाड्यावर घालून आणताना किती बैल खाली बसले ते सुंदररावांना तोंडपाठ होतं. माणसं आपापल्या पायांनी चालत येत, त्यामुळं त्यांच्या वजनाचा अंदाज येत नसे.

त्या साली कापूस उदंड झाला. जालन्याचे व्यापारी राधाकिशन शेठ यांनी सुंदररावांना बजावलं होतं, की संक्रांतीच्या आत सरकी काढलेल्या रुईच्या सगळ्या गाठी जालन्याच्या ठेसनावर दिसल्या पाहिजेत. नाहीतर पुढल्या साली त्यांचा कापूस दुसऱ्याच्या जिनात जाणार. राधाकिशन शेठ गेले तर मागं उरणार काय? इंजिन, त्याची लोखंडी पाठ आणि तिच्यावर ठेवायला रिकामा हात. म्हणून दिवस उगवल्यापासून दिवेलागणीपर्यंत रेचे फिरत राहिले. बाया एका हातानं कापूस लावत आणि दुसऱ्या हातानं भाकर खात. भाकरीला चटणीच्या आधी रुई लागे. नाकात रुई, कानात रुई, डोळ्याच्या पापण्यांवर रुई. ऐन तिशीतली बाई संध्याकाळी म्हातारी होऊन घरी जाई.

मग माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जाऊ लागली. एका टोपल्यावरून दोघी जणींनी तीन पिढ्यांचा उद्धार केला. पोती वाहणारा सटवा उभ्या उभ्या झोपला आणि त्याच्या धोतराचा सोगा इंजिनाच्या पट्ट्यात गेला. धोतर जुनं होतं म्हणून टर्रकन फाटलं आणि सटवा वाचला. नवं असतं तर धोतराबरोबर तोही गुंडाळला गेला असता. गरिबी अशी कधीमधी कामाला येते.

बायांमधली जुनीजाणती छबुबाई त्याच दिवशी सुंदररावांपुढं येऊन उभी राहिली.

"मालक, दुपारी घटकाभर रेचे थांबवा. बाया बसून भाकर खातील, पाठ टेकतील."

"छबुबाई, इंजिन थांबलं की वाफ मरती. पुन्हा वाफ धरायची म्हंजी लाकडं लागत्यात. अन् संक्रांत काय घटकाभर थांबणार हाय व्हय?"

"मग माणूस मरंल एखांदं."

"असं वंगाळ बोलू नाही," सुंदरराव म्हणाले आणि विषय संपला.

विषय संपला तरी धास्ती संपली नव्हती. जालन्याला गेले तेव्हा त्यांनी ती राधाकिशन शेठजींच्या कानावर घातली. शेठजी लोडाला टेकून म्हणाले, "सुंदरराव, मुंबईच्या एका गिरणीतल्या गोऱ्या साहेबाचं ऐकलंय मी. रोज सकाळी फाटकात उभा राहतो आणि एकेका मजुराला विचारतो, बाबा, कसा आहेस? बास! तेवढ्यावर मजूर दिवसभर बैलासारखा राबतो. माणसाला माया लागते हो."

"अन् खर्च?"

"विचारायला कसला आलाय खर्च?"

हे शेवटचं वाक्य सुंदररावांच्या काळजाला भिडलं. परतीच्या वाटेवर गाडीत त्यांनी सगळी योजना आखली. त्यात एकच अडचण होती. सकाळच्या वेळेला त्यांना इंजिनाची विचारपूस करायची असे. म्हणून माणसांची विचारपूस त्यांनी मुकादमाकडं सोपवली.

मुकादम बिभीषण हा शिव्यांत वाढलेला माणूस. हुकूम ऐकून तो घाबरलाच.

"मालक, तब्येत इचारायची? म्या?"

"हां. एकेकाला. गोडीनं."

"शिवी न द्यायची?"

"अजिबात न्हाई."

दुसऱ्या दिवशी बिभीषण फाटकात उभा राहिला. पहिली आली छबुबाई. त्यानं घसा खाकरला, डोळे मिटले आणि विचारलं, "छबुबाई, तब्येत कशी हाय?"

छबुबाई जागच्या जागी थिजली. "कावून? काय झालं?"

"काय न्हाई. इचारलं."

"आजपतूर कवा इचारलं न्हाई ते? माझ्या घरचं कुणी गेलं का? खरं सांग बिभीषणा."

"अगं, मालकानं सांगितलंय! सगळ्यायला इचारायचं!"

मालकानं सांगितलंय म्हटल्यावर छबुबाईच्या तोंडचं पाणी पळालं. त्या मुलखात धडधाकट माणसाला तब्येत विचारायची रीत नव्हती. तब्येत विचारायची ती अंथरुणाला खिळलेल्याची, आणि मालकानं विचारायची ती ज्याचं काही खरं नाही त्याची. त्यात आठ दिवसांपासून शेजारच्या तलवाड्याकडं उंदीर मरून पडल्याची बोलवा होती. प्लेगात उंदीर पडले की गाव सोडून माळावर झोपड्या घालायच्या, आणि ज्याला ताप त्याला सरकारी माणसं वेगळं काढायची, हे शेंबड्या पोराला ठाऊक होतं. छबुबाईनं दोनाला दोन जोडले.

"ठणठणीत हाय मी!" ती ओरडली आणि आत पळाली.

घटकाभरात रेच्या-रेच्याला बातमी पोचली, की मालक तापकरी हुडकायलाय. मग फाटकात येणारा प्रत्येक जण लांबूनच "ठणठणीत!" म्हणू लागला. त्या दिवशी जिनात कुणी खोकलं नाही. नाकातोंडात रुई जात होती, पण खोकला दाबून दाबून बायांचे चेहरे डाळिंबासारखे लाल झाले. सटवाला शिंक आली तेव्हा त्यानं पोत्यात तोंड खुपसलं.

संध्याकाळी बिभीषण म्हणाला, "मालक, एकजात ठणठणीत. खोकला सुदिक न्हाई कुणाला."

"बघ! पहिल्याच दिवशी गुण!" सुंदरराव हरखले. फुकटच्या औषधाची मात्रा वाढवायला कुणाचीच ना नसते. "उद्यापासून दोन वेळा इचार. अन् नुसतं तोंडानं नको. बाप्यांच्या खांद्यावर, पाठीवर हात ठेवत जा. माया वाटली पाहिजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी बिभीषण माया वाटत वाटत इंजिनघरात पोचला. खाजामियाँ भट्टीत लाकडं सारत होता, अंगावर फक्त एक लुंगी. बिभीषणानं मागून येऊन त्याच्या उघड्या पाठीवर प्रेमानं हात ठेवला आणि इंगळावर पडल्यासारखा उचलला.

"आरं देवा! खाजामियाँ, तू तर तव्यावानी तापलायस!"

"मी? तापलो?"

"भाकर भाजंल तुझ्या पाठीवर!"

खाजामियाँच्या हातातलं लाकूड गळालं. इतक्या वर्षांत त्याच्या पाठीला कुणी हात लावला नव्हता, त्यामुळं ती किती गरम असते हे त्यालाही माहीत नव्हतं. "या अल्ला," तो म्हणाला, "माझ्या घरवालीला, हजराबीला कुणीतरी सांगा रे. तिला म्हणावं, मी..." पुढं काय म्हणावं ते त्याला सुचेना. मात्र जबाबदार माणूस तो. मरायच्या आधी वाफ सोडून दिली पाहिजे म्हणून त्यानं दोर ओढला, आणि भर दुपारी जिनाचा भोंगा वाजला.

अवेळी भोंगा म्हणजे अशुभ. त्यात बिभीषण "ताप! ताप!" करत अंगणात आला. रेचे थांबायच्या आत बाया फाटकाबाहेर होत्या. जिनातली माणसं पळताना पाहून बाजारातल्यांनी दुकानांच्या फळ्या ओढल्या. दिवस मावळायच्या आत माळावर गाठोडी, शेळ्या, चुली आणि सगळं जिनिंग जाऊन बसलं.

इकडं फाटकात सुंदरराव हात पसरून सगळ्यांना अडवत होते, तोवर पोलिसांचे अमीन हकीमसाहेबांना घेऊन हजर झाले. अंगणातल्या लिंबाखाली निजवलेल्या खाजामियाँची नाडी हकीमसाहेबांनी दोनदा पाहिली.

"आता तर ताप नाही," ते म्हणाले.

"नव्हताच हो!" सुंदररावांना उमेद आली. "भट्टीपुढं उभा राहिला की कुणीबी तापंल. तुमी राहून बघा."

"आम्ही कशाला?" हकीमसाहेब दोन पावलं मागं सरले. "तिथं उभं राहणं माणसाचं काम नाही."

हकीमसाहेब मागं सरले तसे अमीन पुढं आले.

"सुंदरराव, तुमी दोन दिवसांपासून एकेका मजुराची तब्येत विचारत होता. खरं का?"

"खरं."

"अंगाला हात लावून पाहत होता?"

"व्हय, पण..."

"म्हणजे तुमाला शक होता. मग तहसीलला इत्तला कावून दिली न्हाई?"

"अमीनसाहेब, शक बिक काय न्हाई. मी आपलं मायेपोटी इचारत होतो."

अमिनांनी हकीमसाहेबांकडं पाहिलं. दोघं बराच वेळ हसले. "मालक," डोळे पुसत अमीन म्हणाले, "नोकरीत लई बहाणे ऐकले. हा पहिल्यांदाच ऐकला."

जिनाला कुलूप लागलं. आठवडाभर कुणी गावात यायचं नाही, सगळ्यांनी माळावर राहायचं असा हुकूम झाला. सगळ्यांत मालकही आले. सुंदररावांची झोपडी एका बाजूला छबुबाईची आणि दुसऱ्या बाजूला खाजामियाँची, अशी मधोमध पडली.

सुंदररावांना झोप येईना. डोळा लागला की संक्रांत दिसे आणि संक्रांतीच्या मागं राधाकिशन शेठजींची पाठ दिसे. बाकी माळ मात्र झोपला. पहिला दिवस झोपला, दुसरा दिवस झोपला. सटवाला जेवायला उठवलं तर तो घास हातात धरून पुन्हा झोपला. तिसऱ्या दिवशी बाया उठल्या, केसांतली रुई काढत उन्हात बसल्या आणि टोपल्यावरून भांडलेल्या त्या दोघी एकमेकींची वेणी घालू लागल्या. शेजारच्या रानातून कणसं आली, हुरडा भाजला गेला. खाजामियाँ हजराबीशी इतकं बोलला की ती म्हणाली, आता ताप आला तरी चालंल.

सुंदरराव झोपडीच्या दाराशी डोकं धरून बसले होते. छबुबाईनं पळसाच्या पानावर त्यांना हुरडा आणून दिला आणि समोर बसली.

"काय मालक, तब्येत कशी हाय?"

सुंदरराव दचकले. "कावून? काय झालं?"

"काय न्हाई. इचारलं." छबुबाई पदराआड हसली. "आता तुमी मला इचारा."

"नको बाई. एकदा इचारून बसलोय."

"इचारा तर."

"बरं. छबुबाई, तब्येत कशी हाय?"

"आता बरी हाय. खोकला गेला. हे दुपारी घटकाभर दिलं असतं, तर आठवडा द्यावा लागला नसता."

सुंदररावांनी हुरडा तोंडात टाकला आणि चावता चावता हिशेब केला. हिशेब बरोबर येत होता आणि तोच त्यांना पटत नव्हता.

कुलूप उघडलं तेव्हा संक्रांत तोंडावर आली होती. सुंदररावांनी गाठींची आशा सोडली होती. पण रेचे असे काही फिरू लागले की पट्टे गरम झाले. दोघींचं काम एकटी करू लागली, सटवा पोती घेऊन पळू लागला आणि भोगीच्या दिवशी शेवटची गाडी जालन्याला पोचली. राधाकिशन शेठजींचा निरोप आला: "पुढल्या साली दुप्पट कापूस तुमच्याकडंच. विचारपुशीचा गुण आला म्हणायचा!"

आता सुंदररावांपुढं मोठाच पेच उभा राहिला. घटकाभर रेचे थांबवावेत हे त्यांना कळून चुकलं होतं. पण एकदा नाही म्हटलेलं हो कसं करायचं? बिभीषण काय म्हणेल? दुसरे जिनवाले काय म्हणतील? मजुरांनी सांगितलं आणि मालकानं ऐकलं, ही बोलवा प्लेगापेक्षा वाईट. त्या विचारात भर दुपारी ते इंजिनघरात गेले, लोखंडी पाठीवर हात ठेवला आणि सवयीनं विचारलं, "काय खाजामियाँ, कसं हाय इंजिन?"

खाजामियाँनं दारातून रेच्यांकडं पाहिलं. छबुबाई एका हातानं कापूस लावत होती, दुसऱ्या हातात भाकर होती. मग त्यानं मालकाकडं पाहिलं.

"खरं सांगू मालक? आज जरा दमल्यावानी वाटतंय."

"इंजिन?"

"इंजिनच. लोखंड झालं म्हणून काय झालं? घटकाभर बसू द्या म्हणतंय."

सुंदररावांच्या छातीवरचं ओझं सरकन उतरलं. "मग बसू दे की बाबा!" ते सगळ्या जिनाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. "लाकडं जळली तर जळू दे. इंजिनाचे हाल मला बघवत न्हाईत!"

इंजिन बसलं. त्याच्या सोबतीला म्हणून माणसंही बसली.

त्यानंतर सुंदररावांनी दुपारची विचारपूस एकदाही चुकवली नाही. जालन्याहून मिस्त्री आला, त्यानं सगळं इंजिन खोलून पाहिलं आणि कसलाच बिघाड नाही म्हणून छातीठोक सांगितलं. पण ते इंजिन पुढं जितकी वर्षं चाललं, तितकी वर्षं दुपारच्या भाकरीच्या वेळेला त्याची तब्येत काही सुधारली नाही.