शिंपीकाकांच्या डोळ्यासाठी खास प्रार्थनासभा

माणसाच्या दुःखाची रीतसर नोंद झाली की ते निम्मं हलकं होतं, आणि उरलेलं निम्मं पुढच्या रविवारी घेता येतं. या बाबतीत शिंपीकाकांच्या चर्चचा हात कुणी धरू शकणार नाही.

काकांची विनंती साधी होती. चर्चच्या गायकांचे झगे गेली तीस वर्षं तेच शिवत. आता उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, आणि मागच्या खेपेला एका झग्याला तिसरी बाही लागली होती. (गायकाने तो आदराने घातला.) दवाखान्याने ऑपरेशनसाठी गुरुवारी सकाळी नऊची वेळ दिली, पण सोबत माणूस हवाच, अशी अट घातली. काकांच्या घरी काका सोडून कुणी नव्हतं.

"साहेब, गुरुवारी माझ्याबरोबर कुणी येईल का?" त्यांनी पाळकसाहेबांना विचारलं. "गाडी असली तर बरंच."

पाळकसाहेबांनी त्यांचा हात हातात घेतला. "काका, आपण यासाठी प्रार्थना करू."

आणि केलीही. (इतर संस्था नुसतं बोलतात.) दोनशे चौदा जणांनी डोळे मिटले. काकांचा एकच डोळा धड होता, तोही त्यांनी मिटला. सोमवारी प्रार्थना-समिती बसली. डोळा डावा की उजवा, यावर दीड तास खल झाला. देवाला ते ठाऊक आहे हे सर्वांना मान्य होतं, पण सेक्रेटरींना इतिवृत्तात लिहायचं होतं. काकांनाच फोन करून विचारावं, अशी एक सूचना आली. ती पुढच्या बैठकीवर ढकलण्यात आली. मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये एकशे एक्क्याण्णव जोडलेले हात आले. जोडलेले असल्यामुळे त्यातला एकही मोकळा नव्हता. शेवटी गुरुवारी आठ ते दहा खास प्रार्थनासभा घ्यायचं ठरलं.

गुरुवारी काका धुतलेला शर्ट घालून, फाईल काखेत धरून फाटकाशी उभे होते. मनातून ते घाबरले होते. डोळा गेला तर शिवण जाणार, आणि शिवण गेली तर दिवसभर करायचं काय? तेवढ्यात समितीच्या अध्यक्षांची सात माणसांची गाडी थांबली. आत एकटे अध्यक्ष होते.

"काका, काळजी सोडा! तुमच्यासाठीच धावतोय. उशीर झालाय हो!"

"मलाही न्याल?"

"अहो, या की! विचारता काय!"

काका बसले. दवाखाना डाव्या हाताला आला आणि मागे गेला.

"अहो, दवाखाना..." काका म्हणाले.

"तोच तर आजचा विषय आहे," अध्यक्ष म्हणाले.

सभेत काकांचं टाळ्यांनी स्वागत झालं. आजवरच्या एकाही सभेला रुग्ण स्वतः हजर नव्हता. त्यांनाही प्रार्थना करायला सांगितलं.

"प्रभू, नऊला दहा कमी आहेत," काका म्हणाले. "यांना लवकर उरकू दे."

"आमेन!" एकोणचाळीस जण एका सुरात म्हणाले. कित्येकांना गहिवरून आलं, आणि त्या भरात सभा सव्वा तास लांबली.

दवाखान्याने सात आठवड्यांनंतरचा गुरुवार दिला. अट तीच. वार्षिक अहवालात ही विनंती 'मान्य झालेल्या' सदरात आहे, कारण काकांनी गाडी मागितली होती आणि गाडी मिळाली.

हे वाचून आपल्यालाही काकांबद्दल वाईट वाटलं असेल. त्याबद्दल समिती आभारी आहे; आपली गणना एकशे ब्याण्णवावे म्हणून केली आहे. काकांचा पत्ता कार्यालयात ठेवलेला आहे. अजून कुणी मागितलेला नाही, आणि आपणही मागणार नाही असं गृहीत धरून कार्यालय बंद ठेवलं आहे.