सासऱ्यांसाठी अख्खं मव्हळ

मधाच्या बाबतीत मला कुणी फसवून दाखवावं! निजाम सरकारच्या परतूर कचेरीत मी साधा कारकून. पण शुद्ध मध ओळखण्यात आपण वजीर! निदान त्या जुम्म्याच्या सकाळपर्यंत तरी होतो.

माझे सासरे गिरिधरपंत वकील जालन्याहून आल्ते. शनिवारी इथल्या अदालतीत आष्टीच्या रखमाजीचा बांधाचा खटला चालवायचा होता. पण आगगाडीत खिडकीशी बसले अन् इंजिनाच्या धुरानं आवाज पार बसला. तोंड उघडलं की नुसती हवा! वैद्यांनी चूर्ण दिलं नि बजावलं, "मधातूनच चाटवा. मध बिलकुल शुद्ध पाहिजे."

रखमाजी आमच्या ओसरीवर डोकं धरून बसला. "वकीलसाहेब बोलले न्हाई तर माझा बांध गेला ना!"

"मी आहे ना! मध मी आणतो," मी छाती ठोकली.

"अहो, बाजारात चतुराबाईकडून घ्या अन् जल्दी या," बायको, शरयू, म्हणाली. "तिथं अक्कल पाजळत बसू नका."

चतुराबाईच्या मधाचा थेंब मी पाण्यात सोडला. सरळ तळाशी! कागदावर टाकला. पसरला नाही! मंग शेवटची परीक्षा. शुद्ध मधाला कुत्रं तोंड लावत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक! शेजारी झोपलेल्या कुत्र्यापुढं थेंब टाकला. त्यानं थेंब चाटला, दगड चाटला, शेवटी माझा अंगठा चाटला.

"भेसळ!" मी ओरडलो.

"माझा मध कुत्रं पारखणार?" चतुराबाई कडाडली. "मंग त्यालाच ठेवा की कचेरीत नोकरीला!"

बाजारात ज्याच्या ज्याच्याकडं गेलो, तिथं ते कुत्रं आलं आणि चाटून मोकळं झालं. दुपारपर्यंत त्याचं पोट भरलं, माझी बाटली रिकामीच!

घरी आलो तर रखमाजी म्हणाला, "साहेब, दुधनेच्या काठी चिंचंवर मधाचं मव्हळ हाय. मी काढतो."

"आग्या तर नाही?"

"छ्या! लई गरीब माश्या."

त्यानं गोवऱ्यांचा धूर केला, माश्या उडाल्या. तो तिथंच मध पिळायला बसला.

"थांब!" मी म्हणालो. "इथं पिळलं तर सासऱ्यांची खात्री कशी पटणार? अख्खं मव्हळ न्यायचं!"

मव्हळ घागरीत घातलं, तोंडाला माझं उपरणं बांधलं.

"आत माश्या राहिल्या असतील का रे?"

"धुरानं मेल्या सगळ्या," रखमाजी छातीठोक म्हणाला.

मेल्या नव्हत्या हो! झोपल्या होत्या!

"मामासाहेब, शुद्धता डोळ्यांनी बघा!" घरी पोचताच मी उपरणं सोडलं. सासऱ्यांनी चष्मा चढवला आणि नाक थेट घागरीत घातलं. आतून गुणगुण ऐकू आली.

"मेलोऽऽऽ रेऽऽ!"

केवढा तो आवाज! स्टेशनावरचे हमालसुद्धा दचकले असतील!

"बोलले! वकीलसाहेब बोलले!" म्हणत रखमाजी नाचायला लागला. तेवढ्यात एक माशी त्याच्या धोतरात शिरली, अन् नाच आणखी रंगला. शरयूनं स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं. आम्ही तिघं एका वाकळेखाली! त्या धांदलीत घागर लवंडली अन् सगळा मध अंगणात.

वाकळेखाली सासऱ्यांचा आवाज खणखणीत सुटला. "नालायक! गाढवा! कुणाच्या गळ्यात बांधली मी पोरगी!" मराठीत झालं, उर्दूत झालं, थोडं संस्कृतातही झालं. दिवेलागणीपर्यंत चाललं होतं. मी आपला खूश. खटला जिंकला म्हणून समजा!

शनिवारी सकाळी सासऱ्यांचं तोंड भोपळ्याएवढं झालं होतं, एक डोळा बंद. त्यांनी तोंड उघडलं. नुसती हवा! सगळा आवाज माझ्यावरच खर्ची पडला होता!

अदालतीत मुन्सफसाहेब त्यांना पाहून खुर्चीतून उठलेच. "या अल्ला! वकीलसाहब, किसने मारा?"

सासऱ्यांनी गुपचूप माझ्याकडं बोट केलं.

सगळी अदालत वळली. शिपाई माझ्याकडं निघालाच! शेवटी रखमाजीनं पुढं होऊन मव्हळाची हकिकत सांगितली. मुन्सफसाहेब डोळे पुसेपर्यंत हसले आणि त्यांनी पुढची तारीख दिली.

"तारीख मिळाली, तवर बांध माझाच!" म्हणत रखमाजी आनंदानं आष्टीला गेला. सासरेही संध्याकाळच्या गाडीनं गेले. मला एक शब्द बोलले नाहीत.

त्यांच्या वाटचं सगळं शरयू आजतागायत बोलून राह्यली!