विज्ञानकथेतले पाहुणे आणि माझे सासू-सासरे

विज्ञानकथेचा इतिहास लिहावा तर मीच! तसं मी बायकोला ठणकावून सांगितलंच होतं. "यंत्रमानव झाले, कालप्रवास झाला. परग्रहवासी तेवढे राहिलेत. तू स्टेशनवरून आई-बाबांना आणि दादाला घेऊन येईस्तोवर त्यांचाही निकाल लावतो!"

ती गेली. मी स्वयंपाकघरात येरझारा घालत फोनवर बोलू लागलो. माझी पद्धत साधी. बोलायचं, तो आवाजी निरोप स्वतःलाच पाठवायचा, मग सावकाश उतरवून काढायचा. दोन तुकडे झक्कास झाले. तिसऱ्याला तर असा काही सूर लागला म्हणून सांगू!

"सुरुवातीला हे पाहुणे लांबूनच न्याहाळत. पुढे थेट घरात घुसले! दिसायला माणसांसारखे, पण भूक राक्षसाची आणि वृत्ती हुकूमशहाची. त्यांचं करायचं काय? दोन मतप्रवाह आहेत. एक, गोडीगुलाबीने जुळवून घ्यावं. दुसरा, झोपेत असतानाच संपवावं. मला विचाराल तर दुसरी परंपराच जास्त दमदार!"

पाठवलं. मग पाहिलं, आणि पायाखालची फरशीच सरकली! मधेच बायकोने 'गाडी आली' असं कळवल्यामुळे सासरच्या मंडळींचा ग्रुप उसळी मारून वर आला होता, आणि माझा तुकडा थेट तिथे जाऊन पडला होता! खोडायला बोट नेतोय तोच फोन वाजला.

"अहो, शुद्धीवर आहात ना?" बायको किंचाळली.

"अगं, ते पाहुणे म्हणजे..."

"कळलं कोण ते! आई फलाटावर मटकन खाली बसलीय. बाबा परतीची तिकिटं काढायला निघालेत. आणि दादा म्हणतोय, आधी तुमच्याकडे बघतो!"

हा दादा, माझा मेहुणा, व्यायामशाळा चालवतो. त्याचा दंड माझ्या मांडीएवढा! मी दाराला कडी लावली, कडीपुढे टेबल लावलं आणि टेबलावर स्वतः बसलो.

शेवटी बायकोने सगळ्यांनाच ओढून आणलं आणि दटावून मला दार उघडायला लावलं. सासूबाई उंबऱ्यावरच अडल्या. "नको गं बाई! आम्ही हॉटेलात राहू. तिथे निदान डोळा तरी लागेल."

"आई, ते परग्रहवासी हो!" मी रडकुंडीला आलो.

"म्हणजे आता आम्ही माणसंसुद्धा नाही?"

मेहुणा बाह्या सरसावू लागला. सासरे निवृत्त न्यायाधीश. त्यांनी हात वर केला. "थांब. आरोपीचं पूर्ण म्हणणं ऐकू."

मी आधीचे दोन तुकडे लावले. विज्ञानकथेचा उगम, यंत्रांची धास्ती, भविष्याचं कुतूहल, समीक्षकांनी केलेली उपेक्षा... मेहुण्याच्या वळलेल्या मुठी सैल झाल्या. मग मान सैल झाली. पठ्ठ्या बसल्या जागी घोरू लागला! सासूबाईंनी पदराआड जांभई दिली.

"बंद करा!" सासरे कडाडले. मी झटकन फोन बंद केला.

"निर्दोष," डोळे चोळत ते म्हणाले. "इतकं रटाळ बोलणाऱ्याच्या हातून खून होणं शक्य नाही. समोरचा आधीच उठून जाईल."

सासूबाईंनी बॅग आत घेतली. माझ्या ग्रंथाची ही पहिलीवहिली समीक्षा! मी मान डोलावली. अपील करणार तरी कुणाकडे? बायको केव्हाची निकालाला टाळ्या वाजवत होती.