चौदा पूर्णांक शून्य शून्य ट्रक

आमच्या ऑफिसातल्या सबनीसांना लग्नाची पत्रिका दिली, की ते नवरा-नवरीची नावं वाचत नाहीत. आधी तारीख बघतात. माझ्या बहिणीच्या पत्रिकेत '५' च्या आधी शून्य नव्हतं, तर लाल पेनाने घालून परत दिली. वर म्हणाले, "आकडा तोच हो, पण दिसायला नको का नीट?"

कळंबोलीच्या कंटेनर यार्डात आम्ही पाच-सहा कारकून. ऑफिसात कॉम्प्युटर आले, आम्ही पत्ते खेळायला शिकलो. सबनीसांना मात्र माउसच्या उजव्या बटणाखाली आकड्यांचं रूप बदलणारं 'फॉरमॅट सेल्स' सापडलं आणि तेव्हापासून माणूस कामातून गेला. काम आमचं अडायचं, कारण हे शीट सजवत बसलेले. आकड्यातला स्वल्पविराम लाखाऐवजी मिलियनवर पडला की कॉम्प्युटरवर खवळायचे. "आपल्याकडे नांदायला आलाय ना? मग लाख शिकायलाच पाहिजे त्याने!"

एकदा सगळ्या शीटला दशांश लावून मोकळे झाले. शेठनी विचारलं, आज ट्रक किती आले? कागदावर १४.००. शेठ म्हणाले, "सबनीस, पॉइंटनंतरचा ट्रक कुठे अडकलाय, न्हावा शेव्याच्या बंदरात?" सबनीसांना विनोद कळला नाही. त्यांनी पुन्हा मोजून सांगितलं.

मग उरणच्या कोळीवाड्यातली संगीता आली. तीन महिन्यांच्या बोलीवर. चूक झाली तर घरी. बापाची होडी बंद पडलेली, घर तिच्यावर. ती दर थोड्या वेळाने हाक मारायची, "काका, मना हे जमत नाय, दाखवा ना." आणि सबनीस एखाद्या जावयाच्या थाटात खुर्ची ओढून बसायचे.

आमच्याकडे कंटेनरची जागा रांग आणि क्रमांकाने लिहितात. पाचवी रांग, अकरावी जागा, म्हणजे ५-११. संगीताने नवी शीट उघडली, कॉलम आधी 'टेक्स्ट', म्हणजे साधा मजकूर, करायचा राहिला. कॉम्प्युटरला वाटलं, तारीखच आहे. तिने न बघता प्रिंट काढून गेटवर लावली. थोड्याच वेळात एक ड्रायव्हर आत आला.

"सायब, माजा डबा पाच नोव्हेंबरला भेटंल, असा लिवलंय. आता तर जून हाय. गाडी तवर हितंच उभी करू?"

मागे गेटवर रांग लागलेली, हॉर्न वाजत होते. शेठ बाहेर आले. "कोणी केलं हे?"

संगीता खुर्चीवरून उठू लागली. त्याआधी सबनीस उठले.

"मी केलं. टेक्स्ट करायला विसरलो."

"तुम्ही? इतकी वर्षं आमचं डोकं खाऊन?" शेठ भडकले, पण जुन्या माणसाला काय करणार? आम्ही मात्र हसून हसून लोळलो. पुढे कितीतरी दिवस जो तो त्यांना तारीख विचारायचा. ते मान खाली घालून खरी तारीख सांगायचे.

त्याच दिवशी संध्याकाळी पनवेलला जायला रिक्षाची वाट बघताना मी म्हटलं, "कशाला ओढवून घेतलंत? आयुष्यभर मिरवलेली अब्रू गेली की!"

सबनीसांनी चष्मा पुसला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, हे मला माहीत होतं.

"ती पोर गेली असती, तर मला विचारणारं कोण राहिलं असतं हो? तुम्ही सगळे तर मी खुर्ची जवळ सरकवली की फोन कानाला लावता."