साळूआजींच्या फोनबाबत

विषय : नदीअलीकडील जंगलातील रहिवासी साळूआजी यांना फोन मिळणेबाबत.
संदर्भ : साळूआजी यांचा तोंडी अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून बालवाचकांना कळविण्यात येते की, एका जंगलात एक म्हातारी साळिंदर राहत होती. तिला सगळे साळूआजी म्हणत. अर्ज तिचाच आहे. पण अर्जाकडे वळण्यापूर्वी जंगलाची माहिती घ्यायला हवी, कारण अर्जदारापेक्षा जंगल मोठे असते, आणि तसे ते वारंवार सांगतही असते.

तर मुलांनो, या जंगलातले प्राणी पूर्वी खाण्यावरून भांडत. मग जंगलात सुधारणा झाली. फोन आले. दोन प्रकारचे आले. एकाचे नाव शिंपला आणि दुसऱ्याचे वारूळ.

शिंपला गुळगुळीत होता. तो बाहेरून चकाकत असे आणि आतून उघडत नसे. मालकालाही उघडत नसे. दरवर्षी नवा शिंपला निघे आणि त्याला जुन्या शिंपल्याचा चार्जर बसत नसे. ज्यांनी तो घेतला होता ते म्हणत, "याला म्हणतात दूरदृष्टी."

वारुळाला भोके फार. कोणीही कुठूनही आत शिरावे, हवे ते बदलावे. कधी कधी मुंग्याही शिरत आणि बोलता बोलता फोन बंद पडे. ज्यांनी तो घेतला होता ते म्हणत, "याला म्हणतात स्वातंत्र्य."

दोन्ही फोनांवरून बोलता येत असे. पण हा गुण दोघांतही सारखाच असल्यामुळे त्याचा उल्लेख कोणी करत नसे.

हळूहळू वाघ, हरिण, ससा हे भेद मिटले. उरले फक्त शिंपलेकर आणि वारूळकर. शिंपलेकर वाघ शिंपलेकर हरणाला खाताना "आपल्यातलाच होता हो" म्हणून हळहळत असे. वारूळकर हरणाच्या बाबतीत तो एवढा वेळ लावत नसे.

भांडायला हक्काची जागा असावी म्हणून त्यांनी फोनवरच एक गट काढला होता. त्याचे नाव रानपार. गट चालवत टिटवीबाई. त्या दिवसभर ओरडत, "विषयाला धरून बोला!" विषय कोणता, हे मात्र त्यांनाही आठवत नसे.

साळूआजी यांपैकी कशातच नव्हत्या. त्यांच्याकडे जुना, बटणांचा फोन होता. आजींना ऐकू कमी येई, पण त्या फोनातून लेकीचा आवाज कसा खणखणीत येई. लेक शलाका नदीपलीकडच्या जंगलात दिलेली. तिला दिवस गेले होते, आणि पहिलीच वेळ. सासरी विचारायला मोठे बाईमाणूस नाही. मग रोज संध्याकाळी ती आईला फोन लावी.

"आई, आज पाठ दुखते गं."

"वर का खाली?"

"खाली."

"मग घाबरू नको. कुशीवर नीज."

असे चालले होते. एका संध्याकाळी शलाकाने चाचरत विचारले, "आई, एक विचारू? हसू नको. बाळाला काटे असतात का गं? मग ते बाहेर कसं..."

नेमका त्याच वेळी हत्ती तिथून चालला होता. हत्ती संस्कारी होता. वडीलधारी दिसली की तो नमस्काराला वाके. तो वाकला, आजींनी दोन्ही हातांनी आशीर्वाद देण्यासाठी फोन खाली ठेवला, आणि हत्तीने एक पाऊल पुढे टाकले.

फोन गेला. यात फोनचा दोष नव्हता. संस्कारांचाही नव्हता.

आता मुलांनो, शलाकाच्या प्रश्नाचे उत्तर अगदी सोपे होते. ते आजींच्या ओठांवर होते. फक्त ते नदीपलीकडे जायला हवे होते. पूर्वी असे निरोप कावळे नेत. पण फोन आल्यापासून कावळ्यांनी ते काम सोडले होते.

आजी वानरशेठच्या दुकानात गेल्या.

"शेठ, एक फोन दे रे. लेकीचा आवाज नीट आला पाहिजे."

"कुठला देऊ?"

"बोलायचा."

वानरशेठने कपाळाला हात लावला. "आजी, तसं नसतं हो. तुम्हाला शिंपला दिला की वारूळकर माझ्या दुकानाला पाचांपैकी एकच तारा देतात. वारूळ दिलं की शिंपलेकर. मागं एका सशाला मी दोन्ही नुसते दाखवले, तर दोघांनी दिला एकेक. तुम्ही आपलं रानपारावर विचारा. जंगलाचं एकमत आणा. जंगल म्हणेल तो लगेच बांधून देतो."

"एकमत कुठं मिळतं?"

"ते आमच्याकडं येत नाही," वानरशेठ म्हणाला.

आजी टिटवीबाईंकडे गेल्या. टिटवीबाईंनी अर्ज लिहून घेतला. आजींनी सांगितले, "मला कमी ऐकू येतं. लेक बाळंत व्हायची आहे. तिच्याशी बोलायचं आहे. फोन कोणता घेऊ? आणि एवढंही लिही, की कुणी पलीकडे फोन करणार असेल तर माझ्या शलाकाला सांगा..."

"निरोप नको," टिटवीबाई म्हणाल्या. "विषय फोनचा आहे. एका अर्जात एकच विषय."

अर्ज रानपारावर गेला. उत्तरे धडाधड येऊ लागली. टिटवीबाई वाचून दाखवू लागल्या.

"तरस म्हणतो, हा प्रश्न पूर्वी येऊन गेलेला आहे, आधी शोधायचं असतं. घुबड म्हणतं, शिंपल्याच्या कॅमेऱ्याला तोड नाही. सांबर म्हणतं, वारुळाच्या कॅमेऱ्याला तोड नाही. चितळ विचारतं, आजी गेम खेळतात का?"

"आवाजाचं कुणी काय म्हणालं?"

टिटवीबाईंनी वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिले. "आवाजाचं अजून निघालेलं नाही. सध्या सांबराची आई काढलीय."

दुसऱ्या दिवशी मुंगूसराव आजींच्या बिळाशी आले. ते कट्टर शिंपलेकर. बसायच्या आधीच त्यांनी शिंपला आजींच्या नाकासमोर धरला.

"आजी, डोळे मिटून शिंपला घ्या. मी घेतलाय."

"आवाज कसा येतो?"

"कडा बघा कशा गोल आहेत. हात फिरवून बघा ना!"

आजींनी हात फिरवला. कडा गोल होत्या. "छान आहेत हो. आता असं कर बाळा, यावरून माझ्या शलाकाला एक फोन लावून दे. दोन शब्द सांगायचेत."

"ताईंकडे कुठला आहे?"

"वारूळ म्हणे."

मुंगूसरावांनी शिंपला झटकन पोटाशी घेतला. "शिंपल्यावरून वारुळाला? आजी, अहो तो कॉल माझ्या फोनात कायमचा दिसत राहील. माझ्या पोरांची लग्नं व्हायची आहेत!"

"बरं बाबा, राहिलं. पण मला सांग, तुला आवडला, तू घेतलास. मीही तोच घ्यावा असा हट्ट कशाला?"

मुंगूसरावांनी इकडेतिकडे पाहिले. मग आवाज उतरवून ते म्हणाले, "तुम्हाला म्हणून सांगतो. हा घेण्यासाठी मी माझं मागचं निम्मं बीळ उंदरांना दिलं. घरी बायको बोलत नाही. आता तुम्ही जर हा घेतला नाहीत, तर मी घेतला ते बरोबर होतं की चूक, हे मला कळायचं कसं?"

आजींना त्यांची दया आली. काटे मिटून घेऊन त्यांनी मुंगूसरावांच्या पाठीवरून हात फिरवला. पण फोन काही लागला नाही.

मुंगूसराव गेल्याचा वास येताच वराहपंत आले. हे रानडुक्कर म्हणजे वारूळकरांचे पुढारी. त्यांचा स्वभाव मोकळा होता. ते दुरूनच ओरडले, "आजी, त्या मुंगसाचं काही ऐकू नका! त्याच्या फोनला स्वतःचं दार उघडता येत नाही. तुम्हाला लेकीशी बोलायचंय ना? आत्ता लावून देतो!"

"देव तुझं भलं करो रे पंता!"

"फक्त एक करा. आधी रानपारावर दोन ओळी द्या, की वारुळाचा आवाज उत्तम येतो."

"बोलते आणि मग देते की."

"नको, नको. आधी द्या. ऐकल्यावर लोकांची मतं बिघडतात."

साळूआजी व्यवहारी होत्या. त्या म्हणाल्या, "लिही बाबा तुला काय लिहायचं ते. माझ्या नावानं लिही. पण फोन लाव."

वराहपंतांनी लिहिले, 'साळूआजी वारूळकर झाल्या. म्हणतात, आवाज असावा तर असा!' आणि ते रानपारावर टाकले.

झाले. रानपार पेटला. शिंपलेकर म्हणाले, आजींना फितवले. वारूळकर म्हणाले, आजींना सत्य उमगले. कोणी म्हणाले, आजी मुळात साळिंदर नाहीतच, तो खोटा काटा आहे.

"पंता, फोन?" आजी म्हणाल्या.

"एवढं एक उत्तर देतो आणि लावतो."

थोड्या वेळाने आजी पुन्हा म्हणाल्या, "पंता, लेक वाट बघत असेल रे."

"हे शेवटचं. हा तरस म्हणतो वारुळाची बॅटरी टिकत नाही! याला सोडून कसं चालेल?"

वराहपंत खुराने लिहीत होते. वारूळ तापले. त्यातून मुंग्या बाहेर पडू लागल्या. 'वारुळाची बॅटरी कधीच संपत' एवढे लिहून झाले आणि फोन मालवला. पुढचा 'नाही' वारुळातच राहिला.

"आत्ता चार्ज करून आणतो," म्हणून वराहपंत गेले. ते चार्जिंगपाशी पोचल्याचे अनेकांनी पाहिले. वायर लावलेल्या फोनवरून त्यांची उत्तरेही येत राहिली. ते स्वतः मात्र आले नाहीत.

इकडे मुंगूसरावांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे, अर्जदार एका पक्षाला मिळाल्या आहेत, सबब त्यांना निष्पक्ष सल्ला मागण्याचा अधिकार उरलेला नाही. टिटवीबाईंना हे पटले. वारूळकरांना पटले नाही. प्रकरण सिंहमहाराजांकडे गेले.

"महाराज, आपणच सांगा," दोन्ही पक्ष म्हणाले. "कोणता फोन चांगला?"

महाराजांनी आपले दोन फोन पुढे ठेवले. मग म्हणाले, "आमच्याकडे दोन्ही आहेत. पण आम्हाला कोणी फोन करत नाही."

सभेत शांतता पसरली. ती मोडण्यासाठी महाराजांनी समिती नेमली. समितीत शिंपलेकर आणि वारूळकर सारखेच घेतले. अध्यक्ष दोन, मुंगूसराव आणि वराहपंत. समितीने साळूआजींच्या अर्जावर शिफारस करायची होती. पहिली बैठक तिथेच झाली. तिच्यात बैठकीचे इतिवृत्त कोणत्या फोनवर लिहावे, हा विषय निघाला आणि त्यावर बैठक तहकूब झाली.

साळूआजी पुढे झाल्या. "महाराज, तोवर माझ्या लेकीचं काय?"

महाराजांनी प्रधानांकडे पाहिले. प्रधान म्हणाले, "आपली लेक समितीच्या कार्यकक्षेत येत नाही."

"बरं," आजी म्हणाल्या.

त्यांनी घरी येऊन थोडी कंदमुळे बांधून घेतली आणि नदीची वाट धरली. दुकानातून वानरशेठने हाक मारली, "ओ आजी, चाललात कुठं? एकमत व्हायचंय अजून!"

"होऊ दे हो सावकाश," आजी म्हणाल्या आणि चालू लागल्या.

साळिंदर फार भरभर चालत नाही, त्यात आजींचे वय. नदीला पाणी होते. उताराची जागा शोधून, दगडादगडावर थांबत त्या पलीकडे गेल्या. पोचल्या तेव्हा शलाकाला कळा सुरू झाल्या होत्या. ती बिळाच्या कोपऱ्यात अंग आवळून बसली होती. भीतीने तिने खाणेपिणे टाकले होते.

"आई, फोन का उचलत नव्हतीस? मला किती भीती वाटली! बाळाला काटे असले तर मी जगते का गं?"

"अगं वेडे, काटे असतात. पण ओल्या गवतासारखे मऊ असतात. बाहेर येऊन वारा लागला की मग ताठ होतात. तूसुद्धा तशीच आलीस. मी आहे ना जिवंत?"

शलाका रडता रडता हसली. तिचे अंग सैल झाले. "एवढंच होतं? मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"चर्चा चालू होती," आजी म्हणाल्या.

आजींना नात झाली. ती बारीक रडली. आजींना कमी ऐकू येई, म्हणून त्यांनी कान अगदी तिच्या तोंडाशी नेला. काटे अजून मऊ होते.

अलीकडच्या जंगलात समितीचे काम सुरू राहिले. मध्यंतरी समितीला अर्जदारांचे म्हणणे पुन्हा एकदा ऐकून घ्यावेसे वाटले. त्यासाठी त्यांच्याशी फोनवर संपर्क साधण्याचा प्रयत्न केला गेला. परंतु अर्जदारांकडे फोन नसल्याने संपर्क होऊ शकला नाही, अशी नोंद झाली. नोंद शिंपल्यावर एकदा आणि वारुळावर एकदा, अशी दोनदा झाली.

तात्पर्य : मुलांनो, आजींना पहिल्याच दिवशी फोन मिळाला असता, तर एक म्हातारी लेकीशी बोलली असती आणि सबंध जंगल रिकामे बसले असते. म्हणून शेजाऱ्याची गरज कधीही घाईने भागवू नये. समितीला मुदतवाढ मिळाली आहे. साळूआजींचा अर्ज विचाराधीन आहे.